पुरावा कोणी द्यावयाचा?

धम्मदीक्षा घेऊन तुमच्या घराला एक-दोन वर्षे झाली असतील. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली आहे. देव्हाऱ्यातले टाक खाडीत सोडून झाले. रविवारी मुले विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील म्हणतात. इथपर्यंत सर्व यथासांग झाले. परंतु त्यानंतर एक गोष्ट सुरू होते, आणि तिची तयारी दीक्षाविधीच्या दिवशी कोणी करून देत नाही. ती गोष्ट म्हणजे वाद. घरातली म्हातारी माणसे वाद घालतात. गावाकडून आलेले पाहुणे जेवता जेवता वाद काढतात. बोरिवलीहून सुटलेली लोकल अंधेरीला पोहोचेपर्यंत डब्यात एखादा सहप्रवासी म्हणतो, "तुमचा बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचाच अवतार," आणि आजूबाजूचे चार लोक माना डोलावतात.

अशा वेळी आपला तरुण काय करतो? भगवान बुद्धांनी पुराव्यावाचून काही मानू नका असे सांगितले, एवढे त्याने भाषणात ऐकलेले असते. तो ताडकन म्हणतो, "पुरावा दाखवा!" आजीला म्हणतो, मामाला म्हणतो, डब्यातल्या माणसालाही म्हणतो. हा तरुण मला आवडतो. ज्यांच्या बापजाद्यांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्यांचा मुलगा प्रश्न विचारतो आहे, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही त्याच्या हातून दोन चुका होतात. जेथे पुराव्याचा प्रश्नच येत नाही तेथे तो पुरावा मागतो. आणि जेथे पुरावा हवाच तेथे, विशेषतः ते विधान त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले असेल तर, त्याला आठवणही राहत नाही. बोलण्यातल्या दहा वाक्यांपैकी कोणते वाक्य आधार मागते आणि कोणते मागत नाही, हे ओळखणे हेच खरे काम आहे. आज त्याच प्रश्नाचा विचार करू.

घरापासूनच सुरुवात करू. पावसाळ्याचे दिवस आहेत. मुलुंडच्या एखाद्या चाळीत किंवा घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एखाद्या खोलीत पोराला तीन दिवस ताप आहे. म्हातारी उशाशी बसली आहे. ती म्हणते, "माझ्या जिवाचं पाणी झालंय. पोर तापानं फणफणलंय. मरीआईला पाण्यात सोडलीत, तिचाच हा कोप." मुलगा चिडतो. "आई, हा अडाणीपणा बंद कर. कुठाय तुझी मरीआई? पुरावा दे." म्हातारी गप्प होते. ती पटल्यामुळे गप्प झालेली नसते, अपमान झाल्यामुळे गप्प झालेली असते. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडून अंगारा आणते आणि पोराच्या उशीखाली लपवून ठेवते.

म्हातारीची ती तीन वाक्ये पुन्हा वाचा. पहिले वाक्य तिच्या भीतीचे आहे. आईच्या भीतीला कोणी पुरावा मागतो काय? ती भ्याली आहे, एवढे तिने सांगितले की ते तसे आहे. त्याला उत्तर म्हणजे तिचा हात हातात घेणे. दुसरे वाक्य तापाचे. त्याला थर्मामीटर आहे, हात लावला तरी कळते. वाद आहे तो केवळ तिसऱ्या वाक्याचा. तेथे तिने दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या, टाक सोडले हे कारण आणि ताप आला हे कार्य. हा बांधलेला दोर खरा की खोटा, एवढेच तपासावयाचे आहे. आणि ते तपासावयाला मरीआई आहे की नाही या महाप्रश्नात शिरण्याची गरजही नाही. "आई, पलीकडच्या खोलीत देव्हारा आहे, दर मंगळवारी नैवेद्य आहे, त्यांच्याही पोरीला ताप आहे. तो कशानं आला असेल?" एवढे शांतपणे विचारले तरी दोर सैल होतो.

मुलाने तिन्ही वाक्यांवर एकच काठी चालवली. भीतीलाही अडाणी ठरवले, म्हणून जे तपासावयाचे होते ते तपासलेच गेले नाही.

आता याच चाळीतल्या दुसऱ्या घरात चला. तेथील उपासक मोठ्या अभिमानाने सांगतात, "धम्म घेतला आणि आमच्या घरातले आजारपण संपले." ऐकणारे हात जोडतात, कोणी पुरावा मागत नाही. का बरे? हे वाक्य म्हातारीच्या तिसऱ्या वाक्याचे सख्खे भावंड आहे. तेथेही दोन गोष्टींना दोर बांधला आहे, फक्त दोराच्या टोकाला मरीआईऐवजी आपले श्रद्धास्थान आहे. दारू सुटली, कर्ज काढून होणारी जत्रा सुटली, त्या पैशात दूध आले, म्हणून मुले धडधाकट झाली असे उपासक म्हणतील तर ते तपासता येईल. पुष्कळ घरांत तसे झालेही असेल. परंतु नुसते "धम्म घेतला आणि आजार गेला" हे विधान जसेच्या तसे स्वीकारले, तर आपण देव बदलला, धम्म स्वीकारला नाही.

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या विहारांत वारंवार सांगितला जातो. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तो आहे. परंतु त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो असे मला वाटते. केसपुत्त गावच्या कालामांची अडचण काय होती? त्यांच्या गावी वेगवेगळे श्रमण-ब्राह्मण येत, आपापले मत उजळून दाखवीत आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करून जात. कालाम गोंधळून गेले. तेव्हा तथागत म्हणाले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला जुळते म्हणून, किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नका. येथपर्यंतचा भाग सर्वांना पाठ असतो. पुढे काय झाले? पुढे तथागतांनी कालामांना प्रश्न विचारले. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? लोभाने ग्रासलेला माणूस चोरी करतो की नाही, खोटे बोलतो की नाही? याची उत्तरे कालामांनी स्वतःच्या जगण्यातून दिली. जे तपासता येते आणि ज्यावर आपले वागणे अवलंबून आहे, ते तपासावयाला त्यांनी कालामांनाच बसविले.

आणि परलोकाचे काय? तेथे तथागतांनी वेगळीच गोष्ट केली. परलोक असेल आणि कर्माचे फळ असेल, तर सदाचारी माणसाचे तेथेही भले होईल. परलोक नसेल, तरी तो येथे, याच जन्मी, निर्वैर मनाने सुखी राहील. म्हणजे त्या विधानाचा निकाल लागेपर्यंत सदाचार थांबवून ठेवण्याची आवश्यकता नाही. ज्याच्यावर आपले आजचे वागणे अवलंबून नाही, त्याच्यासाठी कालामांना त्यांनी रात्रभर जागविले नाही. कोणत्या विधानाला आधी आधार मागावा, याचा धडा त्यात आहे. चाळीच्या जिन्यावर "आत्मा आहे की नाही" यावर दोन तास वाद घालून, पोराला दवाखान्यात नेण्याचे विसरणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

मज्झिमनिकायातील चंकीसुत्तही असेच आहे. कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण तथागतांना विचारतो की, आमचे ब्राह्मण प्राचीन मंत्रांविषयी हेच सत्य, बाकी सर्व व्यर्थ असे म्हणतात, आपले यावर मत काय? तथागत त्याला विचारतात, त्यांच्यापैकी कोणी हे स्वतः जाणले, पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूने? गुरूच्या गुरूने? नाही ना, मग ती आंधळ्यांची रांग झाली. पुढचा पाहत नाही, मधला पाहत नाही, शेवटचाही पाहत नाही. पण त्याच संवादात एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. "माझी अशी श्रद्धा आहे" असे म्हणणारा माणूस सत्याला धक्का लावीत नाही, कारण त्याने आपल्याविषयी सांगितले. "हेच सत्य, दुसरे सर्व खोटे" असे म्हणताच तो जगाविषयी बोलू लागला, आणि तेथे आधार देणे त्याच्यावर आले. या दोन वाक्यांत एक-दोन शब्दांचाच फरक आहे, म्हणून वाद रंगला की आपण पहिल्यावरून दुसऱ्यावर केव्हा घसरलो हे कळत नाही. कोणी हळूच म्हणाले की "मला पंढरीला गेले की बरे वाटते," तर त्या माणसाकडे कसला पुरावा मागता? त्याला बरे वाटते. तोच माणूस म्हणाला की "पंढरीला जात नाही म्हणून तुमची भरभराट होत नाही," की मग विचारा, कशावरून?

याच कसोटीवर आपल्या बावीस प्रतिज्ञा पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी त्या लाखो लोकांना दिल्या. त्यांतील बहुतेक प्रतिज्ञा "मी मानणार नाही", "मी करणार नाही", "मी आचरण करीन" अशा आहेत. डब्यातला माणूस तुम्हाला विचारतो, "गौरी-गणपती मानणार नाही? सिद्ध करा की ते नाहीत!" बंधूंनो, येथे गोंधळून जाऊ नका. मी चोरी करणार नाही, मी दारू पिणार नाही, मी श्राद्ध करणार नाही हे निश्चय आहेत. निश्चयाला पुरावा नसतो, तो पाळावयाचा असतो. त्याला आधार मागावयाचाच असेल तर तुमच्या आचरणाकडे पाहून मागता येईल, आणि तो अधिकार सर्वांत जास्त तुमच्या पत्नीला आहे. गौरी-गणपती आहेत असे ज्याचे म्हणणे आहे, आधार देण्याचे काम त्याचे.

पाचवी प्रतिज्ञा मात्र वेगळी आहे. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानीत नाही, तो खोटा प्रचार आहे, अशा अर्थाची ती आहे. तिच्यात निश्चयाबरोबर एक विधानही आहे, तेव्हा त्याची बाजू आपल्याला मांडता आली पाहिजे. सुदैवाने ते अवघड नाही. अवतार आहे असे प्रथम कोणी म्हटले? पुराणांनी. मग पुराणातच काय लिहिले आहे ते पाहा. देवांच्या शत्रूंना मोह पाडावा, त्यांना वेदमार्गावरून दूर करून फसवावे, यासाठी विष्णूने हे रूप घेतले, असा भागवतादी पुराणांचा आशय आहे. म्हणजे "तुमचा बुद्ध आमचाच" असे जो प्रेमाने म्हणतो, त्याच्या आधारग्रंथाप्रमाणे बुद्धांची शिकवण ही मुद्दाम केलेली फसवणूक ठरते. हे त्या सहप्रवाशाला ठाऊकही नसेल. त्याला ओरडू नका. "कोणत्या पुराणात आहे, आणि तेथे कशासाठी अवतार घेतला असे लिहिले आहे?" एवढेच विचारा आणि त्याला घरी जाऊन वाचू द्या.

डब्यातले दुसरे ठरलेले वाक्य म्हणजे, "सवलतींसाठी धर्म बदलला." हा आरोप हेतूवरचा आहे. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला दिसते असे सांगणाऱ्याने सर्वांत भक्कम आधार दिला पाहिजे, आणि नेमका येथेच कोणी आधार मागत नाही. उलट आपलाच माणूस घाम पुसत सफाई देऊ लागतो. सफाई देण्यापूर्वी हिशेब पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा, काही शीख जातींचा अपवाद सोडल्यास, अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. १९५६ मध्ये ज्यांनी दीक्षा घेतली त्यांनी केंद्राच्या सवलती मिळविल्या नाहीत, घालविल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे मोजा. रेल्वेची, टपालखात्याची, बँकेची नोकरी समोर दिसत असताना कागदावर "बौद्ध" लिहिणारा कारकुनीचा उमेदवार कोणत्या लोभाने ते लिहीत होता, हे आरोप करणाऱ्याने सांगावे. एखाद्या माणसाने कधी लाभ पाहून धर्म बदलला नसेल असे मी म्हणत नाही. ते विधान करण्याइतका आधार माझ्यापाशी नाही.

आता आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे वळू. अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. रस्त्यालाही तेच नाव आहे. मुलांना घेऊन एका रविवारी अवश्य जा. महाकालीच्या देवळावरून नाव पडले, टेकडीचे जुने नाव कोंडिविटे. तेथे एकोणीस लेणी आहेत. त्यांतील चैत्यात गोल गर्भकक्षामध्ये खडकातून कोरलेला स्तूप आहे. "नाव महाकाली, म्हणून लेणी देवीची" असे कोणी म्हणाला तर त्याच्याजवळ नावाखेरीज काय आहे? आपल्याजवळ स्तूप आहे, विहारांच्या खोल्या आहेत, ब्राह्मी शिलालेख आहे. तो लेख काय सांगतो? गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिला. आपल्यापैकी काहींना हे वाचून बरे वाटणार नाही. परंतु जो शिलालेख लेणे बौद्ध असल्याचा पुरावा म्हणून आपण पुढे करतो, त्याच्यातली दात्याची जातही आपल्याला वगळता येत नाही. पुरावा संपूर्ण घ्यावा लागतो.

बोरिवलीच्या कान्हेरीचेही तसेच. "कान्हेरी म्हणजे कान्ह्याची, कृष्णाची" असे सांगणारे भेटतात. शिलालेखांत "कण्हसेल" असे नाव आहे, आणि कण्ह म्हणजे काळा. डोंगर काळ्या बसाल्ट दगडाचा आहे हे डोळ्यांनी दिसते. तेथे शंभराच्या आसपास शिलालेख आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, उपासिका, भिक्षुणी यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी त्यांत आहेत. एका लेखात मंगलठाण गावचे शेत दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि ते गाव म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे असे अभ्यासक मानतात. केवळ नावाच्या सारखेपणावर ते थांबलेले नाहीत. मागाठाण्यालाही बौद्ध लेणी आहेत, अंतर जवळचे आहे. नाव, लेणी आणि लेख असे तीन दुवे एकत्र आले.

परंतु त्याच सहलीहून परतताना बसमध्ये आपलाच एखादा कार्यकर्ता उठून सांगतो की, महाराष्ट्रातले प्रत्येक जुने देऊळ मुळात विहारच होते. टाळ्या पडतात. बंधूंनो, काही ठिकाणी तसे घडले असेल. ज्या ठिकाणी स्तूप, लेख, मूर्ती सापडते तेथे ते सांगावे. "प्रत्येक" या शब्दाने मात्र हजारो देवळांचा पुरावा देण्याची जबाबदारी त्या कार्यकर्त्याने एका श्वासात स्वतःवर घेतली. मज्झिमनिकायात हत्तीच्या पावलाचा दृष्टान्त आहे. जाणता वनचर रानात मोठे पाऊल पाहतो, पण "केवढा मोठा गजराज!" असे लगेच म्हणत नाही, कारण ठेंगण्या हत्तिणींचीही पावले मोठी असतात. तो पुढे जातो. उंचावर घासलेल्या खुणा पाहतो, तरी निष्कर्ष काढीत नाही. सुळ्यांचे ओरखडे, मोडलेल्या फांद्या पाहतो. प्रत्यक्ष हत्ती झाडाखाली उभा दिसतो, तेव्हाच म्हणतो, हाच तो. एका पावलावरून हत्ती उभा करण्याची घाई आपल्या व्यासपीठांवर फार आहे.

स्वतः बाबासाहेबांनी अशी घाई केली नाही. अस्पृश्यता कशी निर्माण झाली यावर १९४८ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. प्रस्तावनेतच त्यांनी मान्य केले की सर्व दुवे हाती लागलेले नाहीत. जेथे दुवा तुटला आहे तेथे आपण अनुमानाने पूल बांधला आहे, आणि निश्चित कोणते व संशयास्पद कोणते हे वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. आपण मात्र त्या ग्रंथातले अनुमान व्याख्यानात सिद्ध इतिहास म्हणून सांगतो, आणि ज्या मुलाने "कशावरून?" विचारले त्याला खाली बसवितो. पुढे "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी तथागतांच्या गृहत्यागाच्या परंपरागत कथेलाही हाच प्रश्न लावला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने म्हातारा, आजारी, मृत माणूस कधी पाहिलाच नव्हता, हे पटते काय? बुद्धवचन कोणते हे ओळखण्याच्या कसोट्या देताना त्यांनी हेही नोंदविले आहे की, ज्या गोष्टींविषयी बुद्धांना खात्री होती त्या त्यांनी ठामपणे सांगितल्या, आणि ज्यांविषयी नव्हती त्यांवर केवळ तात्पुरते मत दिले. म्हणून विहारात कोणी "बाबासाहेब म्हणाले" अशी सुरुवात केली की नम्रपणे विचारा, कोठे? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. खंड उघडून पाहण्यात बाबासाहेबांचा अनादर नाही.

येथवर वाचून एखादा म्हणेल, हा सगळा रविवारच्या गप्पांचा विषय झाला. नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराला विचारा. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक जमले, द्रुतगती महामार्ग रोखला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली, सव्वीस जखमी झाली. शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आत्महत्या केली.

त्या दिवसांत वृत्तपत्रांत, डब्यांत, कचेऱ्यांत जे बोलले गेले ते आठवा. "एका पुतळ्यासाठी एवढे चिडायचे कशाला?" हा प्रश्न आपल्याला शंभर वेळा विचारला गेला, आणि आपण शंभर वेळा त्याचे उत्तर देत बसलो. त्याच वेळी दुसरे एक वाक्य, काही आधार न देता, आरामात फिरत होते. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. आता पाहा, यांतील कोणत्या वाक्याला आधाराची गरज होती? ज्यांच्या बापाच्या गळ्यात कोणी चपला घालतो त्यांना दुःख होते. दुःख का झाले याचा पुरावा दुःखी माणसाने द्यावयाचा नसतो. महामार्ग रोखावा की नाही यावर मतभेद असू शकतील, तोही वेगळा प्रश्न. परंतु ज्याने बंदूक चालविली, आणि चालविणे भाग होते असे जो म्हणतो, त्याच्या वाक्यावर दहा प्रेते आहेत. टँकर कोठे उभा होता? गोळ्या कोणत्या दिशेने गेल्या? माणसे कोठे पडली? इशारा दिला होता काय? ही उत्तरे देण्याचे ओझे वस्तीवर नव्हते, त्यांच्यावर होते. पुष्कळ काळ मात्र ते वस्तीनेच वाहिले.

शासनाने न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगासमोर ही विधाने एकेक करून तपासली गेली, आणि गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष आयोगाने काढला. तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी धरून जन्मठेपेची शिक्षा सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून केलेल्या "जय भीम कॉम्रेड" या चित्रपटातही टँकरच्या त्या गोष्टीची तपासणी आहे. तरुणांनी तो पाहावा, आणि पाहताना कोण काय विधान करतो व त्याच्याजवळ काय आधार आहे, याकडे लक्ष ठेवावे.

मला यात सर्वांत लागलेली गोष्ट ही, की बलवानाचे वाक्य आधारावाचून चालते आणि दुबळ्याच्या अश्रूंनाही साक्षीदार लागतो. गावगाड्यात असेच होते. "तो बाटवतो" एवढे पाटलाने म्हणणे पुरे असे. विहिरीवर पाणी प्यावयाला मिळावे याची कारणे आपल्या आजोबांनी द्यावयाची. जन्माने माणूस उच्च-नीच ठरतो असे जो म्हणतो, पुरावा त्याने द्यावयाचा असतो. परंतु हजारो वर्षे समतेकडेच पुरावा मागितला गेला. बाबासाहेबांनी १९३६ च्या "जातिप्रथेचे निर्मूलन" मध्ये हा फास सोडविला. सर्व माणसांची कुवत सारखी असते असा दावा त्यांनी केलाच नाही. कुवत सारखी नसली तरीही माणसांना समतेने वागविले पाहिजे, असे ते म्हणाले. एक वाक्य माणसे कशी आहेत याचे आणि दुसरे त्यांच्याशी कसे वागावे याचे. विरोधक पहिले खोडीत बसतो आणि दुसरे खोडले असे समजतो.

म्हणून वाद सुरू झाला की घाईने उत्तर देऊ नका. समोरच्याचे वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहा. हा आपले मन सांगतो आहे, निश्चय सांगतो आहे, की जगाविषयी काही सांगतो आहे? या वाक्यावर कोणाचे औषध, कोणाची नोकरी, कोणाचा जीव टांगला आहे? जेवढे जास्त टांगले असेल तेवढा आधार जास्त मागा. आणि ते वाक्य आपले असेल तर दुसऱ्याने मागण्याची वाट पाहू नका.

त्या तापलेल्या पोराचे पुढे काय झाले ते राहिलेच. चौथ्या दिवशी बापाने त्याला दवाखान्यात नेले. रक्त तपासले, मलेरिया निघाला. औषधाने ताप उतरला. संध्याकाळी तो आईजवळ बसून विजयी स्वरात म्हणाला, "पाहिलंस? डासामुळं आला होता ताप. मरीआई नाही न् काही नाही." म्हातारीने पोराच्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारले, "डासामुळं हे तुला कशावरून कळलं? तू पाहिलंस?"

बाप थबकला. त्याने कधीच पाहिले नव्हते. शाळेत सांगितले, डॉक्टरांनी सांगितले, म्हणून तो म्हणत होता. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ वाईट हवा. लोक पिढ्यान्‌पिढ्या दलदलीच्या हवेलाच दोष देत होते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाचे पोट फाडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मलेरियाचा जंतू दाखविला, तेव्हा ते विधान उभे राहिले. हे त्याने मोठ्या मुलीच्या पुस्तकात शोधून काढले आणि दुसऱ्या दिवशी आईला सांगितले. तिने रक्ताच्या तपासणीचा कागद मागवला. वाचता येत नव्हते, म्हणून नातीकडून वाचून घेतला, एकदा नव्हे, दोनदा. मग उठली आणि खोलीच्या मागे साठलेल्या पाण्याचे डबडे ओतून आली.